धार कशानं गेली?

बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काम करणारा माणूस हातावरून ओळखता येतो. स्टील कापणाऱ्याचे हात तेलकट असतात, बीड कापणाऱ्याचे काळे. बीडातल्या ग्राफाइटची पूड तळहाताच्या रेषांत आणि नखांच्या कडेला अशी बसते की रॉकेल, लाकडाचा भुसा, साबण सगळं करून झालं तरी रेघा तशाच राहतात. माझ्या हळदीच्या फोटोतही त्या दिसतात. १९८३ साली आयटीआय करून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर म्हणून लागलो. तेव्हापासून आजवर हेच काम केलं, आधी दुसऱ्याच्या लेथवर आणि नंतर शिरोली एमआयडीसीतल्या स्वतःच्या छोट्या शॉपमध्ये. या काळात मशीनं बदलली, टूलं बदलली, गिऱ्हाइकं बदलली. पाळी संपताना विचारायचा प्रश्न मात्र तोच राहिला. धार कशानं गेली?

'धार गेली' एवढं म्हणून टिप बदलता येते, आणि बहुतेक ठिकाणी तसंच चालतं. कशानं गेली हे विचारलं, की टूलपासून निघालेली चौकशी थेट भट्टीपर्यंत जाते. टूल कंपन्यांच्या कॅटलॉगात टिपवरच्या लेपांचा इतिहास छापलेला असतो. तो खरा आहे, पण आमच्या बाजूनं पाहिलं तर अर्धाच. उरलेला अर्धा कास्टिंगच्या पोटात असतो, आणि तो कुणी छापत नाही. म्हणून हा मागोवा.

आम्ही लागलो तेव्हा कार्बाइडला कुणी कार्बाइड म्हणत नव्हतं, सगळे 'विडिया' म्हणत. बर्लिनच्या ओसराम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ च्या सुमारास टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टात बांधून हा पदार्थ तयार केला. क्रुपनं तो १९२७ साली लाइपझिगच्या औद्योगिक जत्रेत मांडला, आणि 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून त्याचं नाव विडिया ठेवलं. आपल्याकडे पुण्यात १९६० पासून सँडविक आणि बंगळुरात १९६४ पासून विडियाचीच कंपनी होती, पण आमच्या तोंडी नाव एकच बसलं. माल कुणाचाही असो, टिप ती विडियाची.

ही टिप स्टीलच्या दांड्यावर ब्रेझिंग करून बसवलेली असायची. धार गेली की टूल सोडायचं, हिरव्या दगडावर घासायचं, पुन्हा बांधायचं, सेंटरला लावायचं. तापलेली टिप घाईनं पाण्यात बुडवली की बारीक चीर जायची. ती दिसायची नाही, आणि पुढच्या कटला टिपचा तुकडाच उडायचा. प्रत्येक टर्नरचं घासणं वेगळं असायचं. पेटीत पडलेलं टूल बघून ते कुणाचं हे सांगता यायचं.

माझे वस्ताद (आमच्याकडे तालमीत जसा वस्ताद, तसाच लेथवरही) बीडाचा पहिला कट कधीही हलका घेऊ देत नसत. नव्या पोराला वाटतं, कास्टिंग वेडंवाकडं आहे, आधी जरा वरवर साफ करून घेऊ. ते म्हणायचे, "कातड्यावर घासत बसू नगं लेका, कातड्याखालनं जा." कास्टिंगच्या वरच्या थराला आम्ही कातडं म्हणतो. साच्याची वाळू त्यात रुतलेली असते आणि तो थर आतल्या धातूपेक्षा कडक असतो. आतल्या धातूची, म्हणजे मुख्यतः पर्लाइटची, कठीणता व्हिकर्स मापात दोनशे-तीनशेच्या घरात असते, तर वाळूतला क्वार्ट्झ हजारावर जातो. विडिया दीड हजाराच्या आसपास. म्हणजे हलक्या कटात टिपचं टोक अख्खा वेळ आपल्या तोडीच्या शत्रूशी घासत राहतं. खोल कट घेतला की टोक मऊ धातूत चालतं आणि कातडं धारेच्या वरच्या एका बिंदूवर तेवढं लागतं. तिथं खाच पडते, पण टोक वाचतं. वस्तादांना व्हिकर्स हा शब्द माहीत नव्हता. खाच कुठं पडते हे माहीत होतं.

हायस्पीड स्टीलच्या टूलनं बीड मिनिटाला वीस-पंचवीस मीटर वेगानं कापायचं, विडियानं साठ ते ऐंशी. त्यापुढे गेलं की टूल जळायचं. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी सव्वीस वर्षं धातू कापून वेग आणि टूलचं आयुष्य यांचं जे गणित १९०६ साली मांडलं, ते आम्हाला आयटीआयमध्ये सूत्र म्हणून पाठ होतं. त्याचा अर्थ शॉपमध्ये कळला. साध्या कार्बाइडसाठी त्यातला घातांक पाव धरला, तर वेग दुप्पट केल्यावर आयुष्य निम्मं होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतं. लेप आला तो ही कोंडी सैल करायला.

लेप दिलेल्या कार्बाइड टिपा युरोपात १९६९ साली बाजारात आल्या. पहिला लेप टायटॅनियम कार्बाइडचा, करड्या रंगाचा, पाच-सहा मायक्रॉन जाडीचा. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यावर टायटॅनियम नायट्राइड आणि ॲल्युमिनाचे थर चढले होते. मी स्वतः लेपाची टिप हातात घेतली ती १९८७ साली, आमच्या मालकांनी पुण्याहून आणलेली. सोन्यासारखी पिवळी. आम्ही ती एकमेकांच्या हातात देऊन बघितली, आणि एका जुन्या कारागिरानं सवयीनं ती हिरव्या दगडाकडे नेली. मालक धावत गेले. या टिपला घासायचं नसतं, कॉर्नर फिरवायचा आणि सगळे संपले की टाकायची, हे पटायला वेळ लागला. घासायची कला ज्यांच्या हातात होती, त्यांचं त्या दिवसापासून मोल उतरलं. ते दुःख खरं होतं आणि मी त्याला कधी कमी लेखणार नाही.

बीडाला लेप कशाला, अशी शंका तेव्हा अनेकांना होती, आणि ती निराधार नव्हती. स्टीलची चीप लांब निघते, टिपच्या माथ्यावरून तापून घासत जाते आणि तिथं खड्डा पाडते. बीडाची चीपच होत नाही. ग्राफाइटच्या पापुद्र्यांवर धातू तुटतो आणि भुगा पडतो, तो आम्ही 'बोरिंग' म्हणून भंगारात विकतो. त्यामुळे माथ्यावर खड्डा फारसा पडत नाही. झिजते ती टिपची पुढची बाजू, जी नुकत्याच कापलेल्या पृष्ठभागावर घासत राहते. धारेखाली एक चकचकीत पट्टी उठते आणि पाळी पुढं सरकेल तशी रुंद होत जाते. सरासरी ०.३ मिलिमीटर झाली की टिप संपली, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. लेपाचं काम ही पट्टी रोखण्याचं आहे. पट्टीत सोनेरी किंवा काळा रंग शिल्लक आहे तोवर ती सावकाश वाढते. लेप फाटून खालचं करडं कार्बाइड उघडं पडलं की वेग धरते. ही खूण ओळखायला दहापट भिंग पुरतं.

पहिल्या लेपांत एक खोट होती. हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या भट्टीत वायूंतून तो थर बसवताना खालच्या कार्बाइडमधला कार्बन ओढला जायचा आणि लेपाच्या लगेच खाली एक ठिसूळ थर तयार व्हायचा. शिवाय लेप आणि कार्बाइड थंड होताना सारखे आकसत नाहीत. लेप जास्त आकसतो, म्हणून त्यात आपोआप बारीक चिरा पडतात. सलग टर्निंगला हे चालून जायचं. पण फेसिंगमध्ये बोल्टची भोकं आली, कट तुटत गेला, की धारेचे टवके उडायचे. ऐंशीच्या दशकात कमी तापमानावर टायटॅनियम कार्बोनायट्राइडचा थर बसवण्याची पद्धत आली, लेप दिल्यावर टिपवर बारीक वाळूसारख्या कणांचा मारा करून ताण उतरवायला सुरुवात झाली, धारही ठरवून किंचित गोलसर केली जाऊ लागली. आज बीडासाठी जी काळी टिप मिळते तिच्यात खाली हा कार्बोनायट्राइड आणि वर अल्फा जातीचा ॲल्युमिना, मिळून दहा-वीस मायक्रॉन असतात. खालचा थर घासणं सोसतो, वरचा उष्णता आणि रासायनिक झीज. करड्या बीडाला आम्ही आता मिनिटाला दोनशे-अडीचशे मीटरवर सहज चालतो.

पण १९९८ साली एका प्रसंगानं माझी समजूत बदलली, तो सविस्तर सांगतो.

पंपाच्या केसिंगचं काम होतं. फ्लँजचं फेसिंग आणि बोअर. नवीन सीएनसी घेतलं होतं, बँकेचा हप्ता डोक्यावर होता, आणि टिपा टिकत नव्हत्या. तेही विचित्र पद्धतीनं. एक कॉर्नर मजेत चालायचा, दुसरा दोन-तीन जॉबमध्ये जायचा. मी डबाच परत पाठवला आणि विक्रेत्याशी मोठ्या आवाजात भांडलो. लेप खोटा आहे, असं तोंडावर म्हणालो. कंपनीकडून एक तरुण इंजिनिअर आला. तो वादात पडला नाही. त्यानं मेलेल्या टिपा मागितल्या आणि भिंगाखाली एकेक ठेवून मला बघायला लावलं. चांगल्या चाललेल्या कॉर्नरवर पट्टी सरळ, सारख्या रुंदीची. मेलेल्या कॉर्नरवर पट्टी नव्हतीच म्हणा. धारेला ठिकठिकाणी टवके, आणि पुढच्या कडेवर खोल ओरखडे, कुणी कानस चालवावी तसे. "लेप असा जात नाही," तो म्हणाला. "याला काहीतरी कडक लागलंय."

आम्ही एक केसिंग घणानं फोडली. फ्लँज जिथं पातळ होती तिथं तुटलेला भाग करडा नव्हता, पांढरा होता. चिल. पातळ भाग साच्यात झटकन थंड झाला की कार्बनला ग्राफाइट व्हायला सवड मिळत नाही. तो लोखंडाशी बांधला जाऊन सिमेंटाइट होतो, आणि तेही कठीणतेत वाळूच्याच पंगतीत बसतं. ते टाळण्यासाठी फाउंड्रीत ओतण्याआधी वितळलेल्या बीडाच्या रसात फेरोसिलिकॉनचा इनॉक्युलंट टाकतात. मी फाउंड्रीत जाऊन उभा राहिलो. इनॉक्युलंट टाकत होते, योग्य वजनात टाकत होते. मग फाउंड्रीतल्या एका वयस्क फोरमननं घड्याळ दाखवलं. इनॉक्युलंटचा गुण दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. त्यांची रस वाहून नेण्याची लेडल मोठी होती, साचे लांबवर मांडलेले होते, आणि शेवटच्या साच्यांपर्यंत पोचेतो रसातला जोर गेलेला असायचा. प्रत्येक लेडलमधल्या शेवटच्या काही केसिंग कडक निघत होत्या. त्या माझ्या पाळीत मिसळून येत होत्या, म्हणून एक कॉर्नर चालायचा आणि एक मरायचा.

त्यांनी लेडल लहान केली आणि टिपा चालू लागल्या. त्या विक्रेत्याकडे मी स्वतः जाऊन माफी मागितली. माझं म्हणणं तेव्हापासून ठाम आहे. बीडाच्या कामात झिजलेली टिप ही टूलची तक्रार नंतर असते. आधी ती कास्टिंगचा जबाब असते.

याच नजरेनं मागं बघितलं तर पुढची पंचवीस वर्षं नीट समजतात. आमच्या भागातल्या फाउंड्र्या कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्टीवरून विजेच्या इंडक्शन फर्नेसवर गेल्या. रस स्वच्छ झाला, धूर कमी झाला, कास्टिंग मापात येऊ लागली. ही मोठी सुधारणा आहे. पण क्युपोलात कोकमधून बीडात गंधक यायचा, इंडक्शनमध्ये स्टीलचं भंगार वितळवलं की तो फार कमी राहतो. गंधक कमी म्हणजे चांगलंच, असं आम्ही समजायचो. करड्या बीडाला मात्र तो थोडा लागतो, साधारण ०.०५ ते ०.१२ टक्के. त्याहून कमी झाला की इनॉक्युलंट नीट लागत नाही. शिवाय गंधक मँगनीजशी मिळून जे मऊ सल्फाइडचे कण होतात, ते कापताना टिपवर पसरून तिला सांभाळतात. म्हणून फाउंड्रीवाले मँगनीजचा हिशोब गंधकाच्या १.७ पट अधिक ०.३ असा धरतात. हे सूत्र मी माझ्या टूल क्रिबच्या दारावर लिहून ठेवलंय. मशीन शॉपमध्ये ते कशाला, असं येणारे विचारतात.

दुसरी गोष्ट टायटॅनियमची. पिग आयर्न किंवा भंगारातून थोडं टायटॅनियम बीडात येतं आणि तिथं कार्बन-नायट्रोजनशी बांधलं जाऊन अतिशय कडक बारीक कण होतात. कसले? टायटॅनियम कार्बोनायट्राइडचे. ज्या पदार्थाचा लेप आम्ही पैसे मोजून टिपवर घेतो, तोच कास्टिंगच्या आत बसून त्या लेपाला खातो. सूक्ष्मदर्शकाखाली हे कण चौकोनी, केशरी-गुलाबी दिसतात. पहिल्यांदा दाखवले तेव्हा मी बराच वेळ बघत राहिलो.

एसजी आयर्नचं, म्हणजे गोल ग्राफाइटच्या बीडाचं, दुखणं याहून वेगळं आहे. अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीत कीथ मिलिस यांनी १९४३ साली मॅग्नेशियम टाकून ग्राफाइटचे पापुद्रे गोल करता येतात हे पाहिलं, १९४८-४९ पासून हे बीड जगभर पसरलं. आमच्याकडे त्याचं काम खरं वाढलं ते गाड्यांचे आणि ट्रॅक्टरचे भाग येऊ लागल्यावर. ग्राफाइट गोल झाला की धातू सलग होतो आणि ताकद वाढते. चीप लांबते, टिपवर उष्णता चढते. ४००/१५ सारख्या ग्रेडमध्ये मऊ फेराइट जास्त, तो धारेला चिकटतो, आणि चिकटलेला थर निघताना लेपाचा पापुद्रा सोबत घेऊन जातो. भिंगाखाली पट्टीऐवजी सोललेल्या भिंतीसारखं दिसतं. एसजीत गंधक ठेवताच येत नाही, मॅग्नेशियम त्याला खाऊन टाकतं, म्हणून सल्फाइडचं संरक्षणही नाही. करड्या बीडावर उत्तम चाललेली जाड लेपाची टिप एसजीवर दगा देते, तेव्हा तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

भारनियमनाच्या वर्षांत टिपा कशानं जायच्या हे विचारायची गरजच नव्हती. कट चालू असताना वीज गेली, स्पिंडल थांबला, टिप जॉबमध्ये रुतून बसली, की टोक गेलं. त्या काळातल्या नोंदी मी वेगळ्या काढून ठेवल्यात, त्यावरून लेपाबद्दल काही शिकता येत नाही.

आता ब्रेक डिस्कसारख्या कामाला क्यूबिक बोरॉन नायट्राइड किंवा सिलिकॉन नायट्राइड वापरतात, वेग मिनिटाला सहाशे ते हजार मीटर. तिथं लेपाचा प्रश्न मागं पडतो, कास्टिंगचा नाही. बीडात मोकळा फेराइट जास्त असला तर बोरॉन नायट्राइडसारखं महागडं टूलही भराभर झिजतं. पर्लाइट पूर्ण असेल आणि गंधक-मँगनीज जागेवर असेल, तर सल्फाइडचा थर टूलवर बसतो आणि एक धार विश्वास बसणार नाही इतकी चालते.

आणखी एक, आमच्या वस्तादांची. ते ताजं ओतलेलं कास्टिंग लेथवर घेत नसत. आठ-पंधरा दिवस अंगणात पडू द्यायचे, पावसात भिजलं तरी हरकत नाही. आम्ही ती जुनी समजूत धरून सोडून दिली. साठा ठेवायचा नाही, आज ओतलेलं परवा मशीनवर, अशी पद्धत आली. पुढं अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की करडं बीड नुसतं पडून राहिलं तरी आतल्या नायट्रोजनमुळे काही दिवसांत त्याची ताकद थोडी वाढते, आणि तरीही ते कापायला सोपं जातं. मी आता शॉपच्या मागं पत्र्याची शेड घातली आहे. गिऱ्हाइकाची घाई नसेल तर कास्टिंग तिथं आठवडाभर मुरतात, तारखा खडूनं लिहिलेल्या.

गेल्या महिन्यात आमचा एक पोरगा, जेमतेम सहा महिने झालेत त्याला, मेलेली टिप घेऊन आला. म्हणाला, "काका, ही टिप खराब आलीय." मी काही बोललो नाही, भिंग पुढं केलं. त्यानं टिप खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली. काळा लेप टोकाशी शाबूत होता. कटाच्या खोलीच्या रेघेवर तेवढी एक खोल खाच होती आणि तिच्या शेजारी ओरखडे.

"टोक तर चांगलंय ओ काका," तो म्हणाला. मग भिंग खाली ठेवून पॅलेटकडे गेला, वरचं कास्टिंग उलटं केलं, चिकटलेल्या वाळूवरून बोट फिरवलं आणि ते कुठल्या ओतीचं हे सांगणारा हीट नंबर शोधायला लागला.